तुझ्या शेजारच्या सीटवरून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझ्या गाडीत शेजारी बसलो होतो. काटा ११०च्या पुढे गेला आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हताच. तुझ्या लक्षात आलं नसेल. तू गप्पांत रंगला होतास, एक हात स्टिअरिंगवर, पुढची गाडी अगदी नाकासमोर. मी तेव्हा गप्प बसलो याचं मला फार वाईट वाटतंय, म्हणून हे पत्र. फोन केला असता तर ‘अरे, गाडी माझ्या कंट्रोलमध्ये असते’ म्हणून तू विषय मिटवला असतास. वर्षभरापूर्वीपर्यंत मीही हेच वाक्य म्हणायचो.

गेल्या वर्षी ऑफिसने आम्हाला एक दिवसाच्या सुरक्षित ड्रायव्हिंगच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मोकळं मैदान, प्लास्टिकचे कोन, ज्याची त्याची गाडी. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला आता काय शिकवणार, असं मनात धरूनच मी गेलो होतो. पहिला अर्धा तास नुसतं बसायला शिकवण्यात गेला. पाठ सीटला टेकलेली असताना हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. मी इतकी वर्षं फार मागे रेलून बसत होतो. तसं बसल्यावर ब्रेकवर पुरता जोर देताच येत नाही. (तूही तसाच बसतोस.)

मग प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या हातात दोन कोन दिले. ताशी ५०ने येऊन या रेषेवर ब्रेक मारलात तर गाडी कुठे उभी राहील, तिथे एक ठेवा. ८०ने आलात तर कुठे, तिथे दुसरा. वेग दीडपटीहून थोडा जास्त, म्हणून मी दुसरा कोनही तेवढ्याच हिशेबाने लांब ठेवला. ५०ला कोनाच्या जवळपास थांबलो. ८०ला कोन बंपरखाली गेला आणि गाडी पुढे जातच राहिली. ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे इथे अडीचपट. गतिज ऊर्जेचं सूत्र आपण दोघांनी एकाच बाकावर बसून पाठ केलं होतं रे, आणि तरीही तो कोन गाडीखाली चिरडल्याचा आवाज ऐकेपर्यंत त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. मी ब्रेक पूर्ण दाबतच नव्हतो. एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा सुरू झाली की पेडल पायाखाली थडथडतं, खालून करकर ऐकू येते. काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय सैल केला. खरं तर तेव्हाच पाय घट्ट दाबून ठेवायचा असतो. एबीएस चाकं जाम होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक लावलेला असतानाच गाडी वळवताही येते. हे मी वाचलेलं होतं, कोणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण वीस वर्षांत एकदाही पूर्ण ताकदीने ब्रेक मारला नव्हता, आणि पायाला ती थडथड ओळखीची नव्हती. चौथ्या फेरीत पाय हलला नाही.

दुपारी पाणी मारलेल्या पट्टीवर अडथळा चुकवायचा सराव झाला. मी कोनाकडे बघत राहिलो आणि तीनदा त्याच कोनावर जाऊन धडकलो. ‘निसटायची जागा बघा, अडथळा नको,’ असं प्रशिक्षक ओरडून सांगत होते. नजर वळली तेव्हा हातही वळले.

घरी येऊन मी कागदावर गणित मांडलं. कोरडा रस्ता, चांगले टायर, पाय ब्रेकवर जायला एक सेकंद, आणि पुढे दर सेकंदाला वेग ताशी २५ किलोमीटरने उतरतो असं धरलं. ८०ने जाणारी गाडी साधारण ५८ मीटरवर उभी राहते. शेजारच्या लेनमधल्या १००च्या गाडीने त्याच जागी, त्याच क्षणी ब्रेक मारला तरी जिथे पहिली गाडी थांबलेली आहे तिथे दुसरीचा वेग अजून ताशी ६८च्या आसपास असतो. मी हे तीनदा तपासलं. आणि मिळवतो काय? २० किलोमीटरमागे तीन मिनिटं, तीही रस्ता मोकळा मिळाला तर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्के वाढतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण मी तुला ओळखतो. नॉर्वेत १९७९ साली नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी चालवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तर तरुण पुरुषांचे तसल्या रस्त्यांवरचे अपघात उलट वाढले. घसरलेली गाडी आता आपल्याला सावरता येते, हा भरवसाच त्यांना नडला. म्हणून गाडी घसरवायची मजा शिकवणाऱ्या ठिकाणी मी तुला नेणार नाही. आमच्या शेवटच्या सरावात दर फेरीला वेग ताशी पाचने वाढवत नेला, कोणालाच अडथळा चुकवता येईना तोपर्यंत. सकाळपासून सगळ्यात सफाईने चालवणारा माणूस माझ्यापेक्षा फक्त दोन फेऱ्या जास्त टिकला. त्यानंतर परतीच्या रस्त्यावर आमच्यातला कोणीच जोरात गेला नाही.

पुढच्या महिन्यात त्यांची पुन्हा बॅच आहे. तुझ्यासाठी एक जागा धरून ठेवायला सांगितली आहे. वहिनींनाही यायचं असेल तर लगेच कळव, त्याही चालवतात. गाडी तुझीच आण. आदल्या दिवशी टायर थंड असताना हवा तपासून घे, डिकी रिकामी कर, पातळ तळव्याचे बूट घाल. सीटमागे आणि दारांच्या कप्प्यांत तू ज्या बाटल्या ठेवतोस त्यासुद्धा काढ. जोरात ब्रेक मारला की त्यातली एखादी घरंगळत पेडलखाली येते.

मी आदल्या रात्रीच तुझ्याकडे येतो. सकाळी सहाला निघायला हवं, म्हणजे वाटेत घाई करावी लागणार नाही.

तुझा मित्र