वणव्याचा ठिपका कळतो, धुराची वाट कळत नाही: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

दरवर्षी १५ फेब्रुवारीला आपल्या खात्याचा वणवा हंगाम सुरू होतो आणि तो १५ जूनपर्यंत चालतो. या चार महिन्यांत देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आगीचे इशारे वनरक्षकांच्या मोबाइलवर येतात. माझ्यासारख्या नागरिकालाही नाव नोंदवून ते मिळवता येतात. पूर्वी यासाठी वापरला जाणारा मोडिस हा उपग्रहावरील संवेदक एक किलोमीटरच्या चौकटीत आग दाखवत असे, आता व्हीआयआरएस हा संवेदक ३७५ मीटरच्या चौकटीत दाखवतो. ही सोय उत्तम आहे आणि तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु आग कोणत्या नियतक्षेत्रात, म्हणजे कोणत्या वनरक्षकाच्या हद्दीत लागली हे सांगणारी यंत्रणा उभी असताना तिचा धूर आज रात्री कोणत्या गावांवर उतरणार, हे मात्र त्या गावांना कोणीच सांगत नाही.

गडचिरोलीच्या जंगलातली आग बहुधा शेंड्याला पोहोचत नाही. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते, आणि मग ती जमिनीवरूनच सरकत राहते. ज्वाळा गुडघ्याएवढ्या असल्या तरी पडलेली ओंडकी दिवसेंदिवस धुमसतात. दिवसा तापलेली हवा हा धूर वर उचलते. रात्री जमीन निवली की थंड हवेबरोबर तो नदीकाठच्या खोलगट भागात साचतो आणि सकाळी ऊन चढेपर्यंत तिथेच राहतो. नेमक्या याच वेळी, भल्या पहाटे, बायामाणसे टोपल्या घेऊन मोहाखाली असतात.

धुराचा माग काढणे अशक्य नाही. जून २०२३ मध्ये कॅनडातील क्युबेक प्रांतातल्या वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर वाहत न्यूयॉर्कवर आला आणि ७ जूनला तिथले आकाश नारिंगी झाले. न्यू जर्सीतील आमच्या नातेवाइकांनी ते फोनवर दाखवले होते. अमेरिकेत नोआ या सरकारी हवामान व महासागर संस्थेचे विश्लेषक भूस्थिर, म्हणजे सतत एकाच भूभागावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांची एकामागून एक चित्रे पाहून धुराची सीमारेषा स्वतः आखतात आणि तो विरळ, मध्यम की दाट हे नोंदवतात. संगणक असूनही हे काम अजून माणसाच्या नजरेवर सोपवलेले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे उपग्रह दर अर्ध्या तासाला देशाचे चित्र घेऊ शकतात, आणि दृश्य प्रकाशात ते एक किलोमीटरच्या चौकटीइतका बारकावा टिपतात. व्हीआयआरएस वाहणारे ध्रुवीय उपग्रह मात्र दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमारास वरून जातात. मधल्या तासांत धूर कुठे वळला हे त्यांना कळत नाही. सूर्य तिरपा असताना, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी, विरळ धूरही चित्रात उठून दिसतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. उन्हाळ्यातली धूळ आणि धूर यांत गल्लत होते. अवरक्त किरण धुरातून आरपार जातात, म्हणून रात्री आग दिसते पण धूर दिसत नाही. म्हणजे गावाला ज्या वेळी त्याचा सर्वाधिक त्रास होतो त्याच वेळी उपग्रह आंधळा असतो. शिवाय चित्रातला पट्टा जमिनीलगत आहे की दोन किलोमीटर वर, हे वरून घेतलेल्या साध्या चित्रावरून ठरत नाही. म्हणूनच वनपरिक्षेत्र कार्यालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या छपरांवर सूक्ष्म धूलिकण मोजणारी लहान यंत्रे बसवल्याखेरीज नुसत्या नकाशावर विसंबू नये.

हे ज्ञान आपल्याच राज्यात आहे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २०१८ पासून दिल्लीच्या हवेचा पूर्वइशारा तयार करते आणि त्यात शेतातल्या आगींच्या उपग्रह नोंदी वापरते. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. दिल्लीसाठी पुण्यातून जे होते ते भामरागडसाठी व्हायला कोणती अडचण आहे, हे आपण विचारावे.

माझी मागणी मर्यादित आहे. येत्या हंगामात भामरागड, एटापल्ली, अहेरी आणि सिरोंचा या चार तालुक्यांसाठी रोज सूर्यास्तापूर्वी धुराचा एक नकाशा माणसाच्या हाताने आखला जावा, त्यात इंद्रावती व प्राणहितेच्या पलीकडील छत्तीसगड आणि तेलंगणातल्या आगीही धराव्यात, आणि त्यावरून रात्रीचा इशारा मराठी, माडिया व तेलुगू भाषांत आशाताईंपर्यंत जावा. इशारा चुकला तर तोही नोंदवून हंगामाअखेरीस प्रसिद्ध करावा. या कामासाठी कोणत्या कार्यालयाला जबाबदार धरायचे, एवढा आदेश आपण १५ फेब्रुवारीपूर्वी काढावा, ही विनंती.

आपला,
गडचिरोली जिल्ह्यातील एक भूगोल शिक्षक