बाबा, जेवणाआधीची प्रार्थना एका ओळीची

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

दत्तकासाठी आम्हाला सुचवलेल्या मुलीचा प्रस्ताव, म्हणजे रेफरल, स्वीकारल्याचं फोनवर सांगितलंच. स्वीकारल्यापासून १० दिवसांत मूल घरी आणायचं असतं, म्हणजे पुढच्या आठवड्यात तुमची अडीच वर्षांची नात पुण्यात असेल. फोनवर तुमचे निम्मे प्रश्न तसेच राहिले, म्हणून हे पत्र.

बाबा, आधी कायद्याचं. तुमच्या डोक्यात अजून ‘गार्डियन’ बसलाय. पूर्वी ख्रिस्ती जोडप्याला १८९०च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं. मूल सज्ञान झालं की तेही संपायचं, वारसाहक्क तर नसायचाच. आता दत्तक २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली होतं आणि त्यात धर्म आडवा येत नाही. त्याच्या कलम ६३प्रमाणे दत्तकाचा आदेश लागू झाला की ती सर्वार्थाने आमची मुलगी. हा आदेश २०२२च्या सप्टेंबरपासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तोवर ती आमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनात असेल, आणि आदेशासाठी अर्ज ती आत्ता जिथे आहे ती दत्तक संस्थाच करेल. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येईल. ती झडती नसते. तुम्ही इथे असलात तर तिला चहा द्या आणि विचारलं तेवढं खरंखरं सांगा.

मृत्युपत्र करणार म्हणालात, तर त्यात ‘नातवंडांना’ असं मोघम लिहू नका. आदेशातलं स्पेलिंग बघून तिचं नाव घाला. साक्षीदार दोन लागतात, पण ज्याला काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या नवरा-बायकोने साक्षीची सही केली तर आपल्याला लागू असलेल्या १९२५च्या उत्तराधिकार कायद्यात त्याला दिलेलं रद्द ठरतं. म्हणजे दादा-वहिनी साक्षीला नकोत.

आई, तुला भीती वाटते की उद्या कुणी दारात येऊन तिला परत मागेल. तसं होत नाही. जन्मदात्यांनी मूल स्वतः सोपवलं असेल तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिने दिलेले असतात. मूल सापडलेलं असेल तर आधी पालकांचा शोध होतो. हे सगळं उरकून बाल कल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर केल्यावरच ते आमच्यापर्यंत येतं. आणि तिच्या जन्मदात्रीला ‘खरी आई’ म्हणू नकोस, ‘टाकून दिलं’ हे तर कधीच नाही. आम्ही घरात ‘दत्तक’ हा शब्द पहिल्या दिवसापासून सहज वापरणार आहोत. बायबलमधली, नदीत सोडलेल्या मोशेची गोष्ट सांगायला हरकत नाही, फक्त फारोच्या मुलीपाशी घाई करू नकोस. बाळाच्या पेटीला डांबर लावणारी आई आणि काठावर लपून बघणारी बहीणही त्याच गोष्टीत आहेत.

आता जेवणाचं, कारण खरी कसोटी तिथेच लागते. संस्थेत जेवण घड्याळावर आणि पंगतीत असतं, मागून काही मिळत नाही. अशी मुलं पोट भरलं तरी खात राहतात, पोळीचा तुकडा गालात धरून ठेवतात, उशीखाली बिस्किट लपवतात. हावरटपणा म्हणून हटकलं की लपवणं वाढतं. आम्ही तिच्या हाताला येईल असा एक डबा ठेवणार आहोत, त्यात चुरमुरे आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू. डबा तिच्यासमोर रोज भरायचा, कधीच रिकामा ठेवायचा नाही. अन्न संपत नाही अशी खात्री पटली की लपवणं आपोआप कमी होतं. म्हणून बाबा, एक विनंती. तुमची जेवणाआधीची प्रार्थना आजारी शेजाऱ्यांपासून निघून मुख्यमंत्र्यांपर्यंत जाते. समोर ताट आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले, हे तिला ताट काढून घेण्याची तयारी वाटू शकतं. तेव्हा एकच ओळ, डोळे उघडे ठेवून, आणि तिचा पहिला घास ‘आमेन’च्या आधी गेला तरी चालेल. लांब प्रार्थना ती झोपल्यावर करा.

रात्री ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एकच गीत रोज, त्याच चालीत, दिवा मंद ठेवून म्हणायचं. दररोज नवं गीत नको. पुढे काय येणार हे आधी कळणं, यातच अशा मुलांना धीर मिळतो.

ती पहिल्याच भेटीत तुमच्या कडेवर येईल आणि सगळे म्हणतील, किती गोड, कुणाकडेही जाते. ती खूण काळजीची आहे. सांभाळणाऱ्या बाया पाळीपाळीने बदलत असल्या की मूल सगळ्यांना सारखंच धरतं. म्हणून सुरुवातीला भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि पडल्यावर उचलणं फक्त आम्ही दोघं करू. तुम्ही जवळ बसा, खेळा, पण रडली की तिला माझ्याकडे द्या. आई, हे तुला जड जाणार, ठाऊक आहे. हट्ट केला तर बायबलमधलं, मुलाला छडीने शिस्त लावायचं वचन काढायचं नाही. एकटीला कोपऱ्यात बसवायचंही नाही, कारण एकटं सोडलं जाणं हीच तिची सगळ्यात जुनी भीती. शेजारी बसून राहायचं, रडणं ओसरेपर्यंत.

चर्चच्या मंडळीत उभं राहून याबद्दल साक्ष देऊ नका. ‘अनाथाला घर दिलं’ असं व्यासपीठावरून एकदा म्हटलं गेलं की संडे स्कूलमध्ये ती जन्मभर उपकाराखाली राहते. बायबलमधल्या रोमकरांस पत्रातल्या दत्तकपणात मूल ‘अब्बा’, म्हणजे बाबा, म्हणून हाक मारतं, आभारप्रदर्शन करत नाही. ‘मूळची कुणाची असेल’ असं विचारणारे आपल्यातही निघतील. त्यांना ‘आमची’ एवढंच सांगा. आदेश होईपर्यंत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका, अशा मुलांची ओळख उघड करण्यावर कायद्यानेच बंदी आहे. बाप्तिस्माही आदेशानंतरच करू. आपल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वेगवेगळ्या चर्चांच्या १९७०च्या ऐक्यापासून लहानपणीचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला, दोन्ही चालतात, त्यामुळे पाळकसाहेबांची अडचण नसावी. रजिस्टरमधलं नाव जन्मदाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं, नाहीतर शाळाप्रवेशाला खेटे.

दवाखान्याचं थोडक्यात: लसीचं कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचे, जंताची गोळी ते सांगतील तशी. खरूज निघाली तर मलम घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री लावावं लागतं, नाहीतर ती फिरत राहते.

आई, तुम्ही महिन्याभराने या. खेळणी आणू नका, नाचणीचं सत्त्व मात्र पाव किलो घेऊन ये. संस्थेत तिला सकाळी तेच देतात, पातळ आणि गुळाचं. सत्त्व आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्यात ओतायचं, नाहीतर गुठळ्या होतात आणि गुठळी लागली की ती तोंडच मिटते, असं तिथल्या मावशींनी सांगितलंय.

तुमची लेक