वजाबाकीच्या एका चुकीबद्दल शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी गणिताची शिक्षिका आहे, बावीस वर्षं शिकवते आहे. वर्गात एआय आणा असं सांगायला आपल्याकडे रोज कुणी ना कुणी येत असेल, आणि आणू नका असं सांगणारेही येत असतील. मला यातलं काहीच सांगायचं नाही. मला आपल्याला एका मुलीची वही दाखवायची आहे.

वहीत तीन गणितं आहेत. ५२ वजा २७, उत्तर ३५. ८१ वजा ३६, उत्तर ५५. ७० वजा ३४, उत्तर ४४. तिन्ही चूक. पण कुठे खाडाखोड नाही, अक्षर नीटनेटकं आहे, आणि उत्तरं अंदाजपंचे तर मुळीच लिहिलेली नाहीत. या मुलीचा नियम पक्का आहे: एककात काय नि दशकात काय, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवायचे. 'लहानातून मोठं जात नाही' हे वाक्य तिला कधीतरी आम्हा शिक्षकांनीच शिकवलेलं असतं. तिनं ते मनापासून पाळलं.

आमच्या शाळेत सरावासाठी एक सॉफ्टवेअर आणलं होतं. मुलाच्या कुवतीप्रमाणे आपोआप गणितं देणारं, अशी त्याची ओळख करून दिली गेली होती. ही मुलगी त्यावर रोज वीस मिनिटं बसायची. लागोपाठ तीन उत्तरं चुकली की ते एक पायरी खाली उतरायचं. खालच्या पायरीवर बिनहातच्याची वजाबाकी: ५८ वजा २३, ७९ वजा ४६. आता बघा, बिनहातच्याच्या वजाबाकीत तिचा चुकीचा नियमसुद्धा बरोबर उत्तर देतो. तिची दहाच्या दहा उत्तरं बरोबर यायची, पडद्यावरची हिरवी पट्टी भरायची आणि माझ्याकडे येणाऱ्या अहवालात तिच्या नावापुढे 'प्रगती चांगली' असं लिहिलेलं असायचं. असे दोन महिने गेले. दोन महिने ती रोज वीस मिनिटं आपली चूक घोटून घोटून पक्की करत होती आणि मी अहवाल बघून निर्धास्त होते. तिची वही मी फार उशिरा उघडली. ते मला अजूनही टोचतं.

संगणकाला हे ओळखणं अशक्य होतं का? तसंही नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच मुलांच्या गणितातल्या अशा चुकांवर काम प्रसिद्ध केलं होतं. चुकलेल्या उत्तरांवरून, मूल नेमका कोणता चुकीचा नियम वापरतंय ते शोधणारी प्रणाली त्यांनी तयार केली होती. 'मोठ्यातून लहान' ही चूक त्यांच्याही नोंदींत आहे. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची अडचण ओळखण्याचं ज्ञान तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून उपलब्ध होतं. आमच्या सॉफ्टवेअरला मात्र उत्तर बरोबर की चूक एवढंच बघायला सांगितलेलं होतं. ही मुलगी काय समजून बसली आहे, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून, एआय जिथे जिथे वापरलं जातं तिथे चूक झाली तर ती कोण पकडतं, हे मी शोधत गेले. 'विज्ञानात एआयनं क्रांती केली, उद्योगात केली, आता शिक्षणात करेल' हे वाक्य मी भाषणांत इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची शहानिशा करावीशी वाटली.

आधी विज्ञानाचं बघू. प्रथिनाची साखळी त्रिमितीत कशी दुमडते याचा अंदाज बांधणाऱ्या 'अल्फाफोल्ड' या एआय प्रणालीचं कौतुक आपण ऐकलंच असेल. त्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यामागची एक गोष्ट मात्र भाषणांत येत नाही. या क्षेत्रात १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक परीक्षा होते. प्रयोगशाळेत रचना शोधलेली, पण अजून जाहीर न झालेली प्रथिनं स्पर्धकांना दिली जातात. उत्तर स्पर्धकांपैकी कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे कॉपी करायला वावच नाही. अल्फाफोल्डनं २०२० मध्ये बाजी मारली ती अशा चौदाव्या परीक्षेत. शिवाय रचनेच्या कोणत्या भागाबद्दल आपल्याला किती खात्री आहे, हेही ते प्रत्येक उत्तरासोबत सांगतं. जिथे खात्री कमी, तिथे संशोधक प्रयोग करून बघतात. यंत्र येण्याच्या पंचवीसेक वर्षं आधी त्याची परीक्षा तयार होती, महोदय. आमच्या वर्गात यंत्र आधी आलं. परीक्षेचा तर अजून पत्ताच नाही.

वैद्यकातलं एक उदाहरण मला त्या हिरव्या पट्टीची फार आठवण करून देतं. न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला धोका जास्त आहे हे ओळखायला नव्वदच्या दशकात संशोधकांनी संगणकाला जुन्या नोंदी शिकवल्या. त्यातून निष्कर्ष निघाला की ज्यांना दमा आहे त्यांना धोका कमी! नोंदी खोट्या नव्हत्या. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला तातडीनं अतिदक्षता विभागात हलवत, म्हणून असे रुग्ण जास्त संख्येनं वाचत. यंत्रानं आकडे बरोबर वाचले आणि अर्थ उलटा लावला. ही गोष्ट उघडकीला आली, कारण त्या प्रयोगातली एक पद्धत आपले नियम माणसाला वाचता येतील असे मांडत होती आणि ते वाचायला जाणकार माणसं बसली होती. नियम वाचताच येत नसते तर कदाचित दम्याच्या रुग्णांना घरी पाठवलं गेलं असतं.

उद्योगाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे नुकसान पैशात मोजता येतं आणि ज्याचं नुकसान होतं तो गप्प बसत नाही. कार्डावरचा संशयास्पद व्यवहार अडवणं, मालाची मागणी आधी ओळखणं, ही कामं यंत्रं चांगली करतात आणि चुकली तर ग्राहक त्याच दिवशी फोन करतो. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं त्याची जबाबदारी कंपनीवरच टाकली. चॅटबॉट हे वेगळं स्वतंत्र अस्तित्व आहे, हा बचाव मान्य झाला नाही. पण माणसं निवडण्याचा प्रश्न आला की उद्योगातही अंधार होतो. ॲमेझॉननं अर्ज चाळण्यासाठी एक यंत्रणा तयार करून पाहिली होती. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज, त्यात बहुतांश पुरुषांचे, वाचून ती शिकली आणि ज्या अर्जात 'महिलांचा' असा उल्लेख असेल त्याला कमी गुण देऊ लागली. कंपनीनं तो प्रकल्प बंद केला. २०१८ मध्ये बातमी आली तेव्हा जगाला ते कळलं. अशी यंत्रणा अर्ज मागे टाकते तेव्हा अर्जदाराला त्याचं कारण कोण सांगतं?

आमचं शिक्षणाचं क्षेत्र या दुसऱ्या प्रकारात मोडतं, किंबहुना त्याहून अवघड आहे. नऊ वर्षांच्या मुलीला आपलं नुकसान झालं हेच कळत नाही. ती हिरव्या पट्टीवर खूश असते, तिचे आईवडीलही खूश असतात.

इंग्लंडमध्ये २०२० साली महामारीमुळे परीक्षा रद्द झाल्या आणि ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या, श्रेणी एका गणिती सूत्रानं ठरवल्या गेल्या. त्या सूत्रात शाळेच्या मागच्या वर्षांच्या निकालांना मोठं वजन होतं. आधीचे निकाल बेताचे असलेल्या शाळेतल्या हुशार मुलाला त्याचा फटका बसला. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ३९ टक्के श्रेणी खाली आणल्या गेल्या. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. ते सूत्र आजच्या अर्थानं एआय नव्हतंच, पण धडा तोच आहे. तिथे चूक पकडली गेली कारण ती एकाच सकाळी लाखो घरांत एकदम पोचली. माझ्या विद्यार्थिनीची चूक एकटीची होती. तिच्यासाठी कोण रस्त्यावर उतरणार?

आणखी एक अनुभव सांगते. माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाचा निबंध 'एआयनं लिहिलेला' असल्याचं एका तपासणी-सॉफ्टवेअरनं ठरवलं. मी त्याची वर्गशिक्षिका. त्यानं कच्च्या वहीत तो निबंध तीनदा लिहिलेला मी स्वतः पाहिला होता. त्याची वाक्यं छोटी आणि सरळ असतात, कारण निबंधाची भाषा त्याच्या घरी बोलली जात नाही. जपून, येणाऱ्या शब्दांतच तो लिहितो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात सॉफ्टवेअरं तपासली होती. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं आपलं असंच साधन त्याच वर्षी, अचूकता कमी म्हणून, बंद केलं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनाच यंत्राचं लेखन खात्रीनं ओळखता येईना. आणि माझ्या विद्यार्थ्याला, 'तू चोरी केली नाहीस हे सिद्ध कर' असं सांगितलं गेलं. कच्ची वही दाखवल्यावर त्याची सुटका झाली. पण त्यानंतर तो वर्गात हात वर करेनासा झाला.

एआयचा वर्गात उपयोग होऊच शकत नाही, असं मी म्हणत नाही, कारण तसा पुरावा नाही. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांनी ४८ टक्के चांगली कामगिरी केली. पण पुढे तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ती मुलं, ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला मात्र वेगळा चॅटबॉट दिला होता. तो आयतं उत्तर द्यायचा नाही, शिक्षकांनी आधी लिहून दिलेल्या सूचनांनुसार फक्त पुढचा इशारा द्यायचा. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. फरक त्या सूचनांनी पाडला, आणि त्या शिक्षकांकडून आल्या होत्या.

अमेरिकेत बीजगणित शिकवणाऱ्या 'कॉग्निटिव्ह ट्यूटर' या संगणक प्रणालीची रँड या संशोधन संस्थेनं सात राज्यांतल्या १४७ शाळांमध्ये दोन वर्षं तपासणी केली. पहिल्या वर्षी काहीच फायदा दिसला नाही. दुसऱ्या वर्षी माध्यमिक शाळांत तो दिसला: मधल्या क्रमांकाचा विद्यार्थी शंभरात पन्नासाव्या स्थानावरून साधारण अठ्ठावन्नाव्यावर गेला. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर निर्णय झाला असता तर एक चांगली गोष्ट फेकली गेली असती. आणि पहिल्या महिन्याच्या हिरव्या पट्ट्यांवर निर्णय झाला तर वाईट गोष्ट कायमची गळ्यात पडते.

म्हणून महोदय, माझी पहिली विनंती अशी, की कोणतंही सॉफ्टवेअर सर्व शाळांसाठी घेण्याआधी काही शाळांत ते दोन पूर्ण वर्षं चालवून पाहावं आणि परीक्षा सॉफ्टवेअरच्या बाहेर, कागदावर, त्या कंपनीशी संबंध नसलेल्या माणसांनी घ्यावी. निकाल वाईट आला तरी जाहीर करावा. दुसरी विनंती त्याहून महत्त्वाची आहे. यंत्राच्या सांगण्यावरून मुलाची श्रेणी, तुकडी किंवा प्रामाणिकपणा ठरणार असेल तर त्या निर्णयाखाली एका शिक्षकाची सही असावी, आणि 'का?' असं मुलानं किंवा पालकानं विचारलं तर त्या शिक्षकाला उत्तर देता आलं पाहिजे. 'सिस्टीमनं सांगितलं' हे उत्तर चालू नये. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात प्रवेश आणि मूल्यमापनासाठी वापरायच्या यंत्रणा जास्त जोखमीच्या मानल्या आहेत आणि त्यांवर माणसाची देखरेख सक्तीची केली आहे. तेव्हा ही मागणी काही जगावेगळी नाही. आणि लेखन यंत्राचं आहे असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालावरून, केवळ तेवढ्यावरून, कोणत्याही मुलावर कारवाई होऊ नये, असं एक परिपत्रक आपण उद्याही काढू शकता. त्याला निधी लागत नाही.

या सगळ्यासाठी शिक्षकाला वेळ लागेल, हे मला माहीत आहे. अहवाल भरण्यात जाणारा आमचा वेळ यंत्रानं वाचवला तर वह्या बघायला तो पुरेल. तिथे एआय आलं तर मी स्वतः त्याचं स्वागत करेन.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते आपण विचाराल. मी तिला काड्या दिल्या, दहा-दहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. म्हटलं, यातल्या सत्तावीस मला दे. तिनं दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. बराच वेळ हातातल्या तीन गठ्ठ्यांकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. मग तिनं विचारलं, "बाई, एक गठ्ठा सोडला तर चालेल?"

त्या दिवशी तिनं सोडवलेली गणितं आणि आधीची तीन चुकलेली, अशा दोन्ही पानांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. तिच्या पालकांची परवानगी घेतली आहे आणि नाव झाकलं आहे.

आपली नम्र,
एक गणित शिक्षिका