ते जोतं वाड्याचं नव्हतं

मंगळवार, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

सात महिने पत्र नाही. दिवाळीचा फोन झाला तोही दोन मिनिटांचा, त्यातलं एक मिनिट तू "ऐकू येतंय का" विचारण्यात घालवलंस. रागावला असशील तर रागाव, हक्क आहे तुझा. पण आज एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. घरात सांगून बघितली, ‘एवढं काय त्यात’ एवढंच ऐकायला मिळालं. फोनवर सांगितली असती, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

तब्येत बरी. शुगर आहे तिथंच आहे. आईला कमी ऐकू येतं, बाकी ठणठणीत. झालं.

गोष्ट जोत्याची आहे. आपल्या नदीकाठच्या जोत्याची.

‘निसर्ग’ वादळात पोफळी गेल्यावर मी हे लोकांना फिरवण्याचं काम धरलं, ते तुला माहीत आहे. नव्या पोफळी आता कुठे फुलोऱ्याला लागल्यात, तोवर घर गाडीवरच चाललं. एका वेळी एकच कुटुंब घेतो, जास्तीत जास्त पाच माणसं. सकाळी सातला दापोलीहून निघायचं. आधी मुर्डी, ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी लिहिणाऱ्या श्री. ना. पेंडशांचं जन्मगाव. मग आसूदला केशवराज, पोफळींच्या सावलीतून त्या पायऱ्या चढून वर गोमुखाचं पाणी प्यायचं. जेवून दाभोळ, अंडा मशीद, खाडी. आणि उतरत्या उन्हात जगबुडीच्या काठाला. येणारे बहुतेक ती कादंबरी वाचलेले असतात. दोन जाड खंड, चार पिढ्या, आणि सगळ्यांना ती नदी डोळ्यांनी बघायची असते. हा माणूस मुंबईला बेस्टमध्ये नोकरी करत होता आणि तिथून त्याने आपलं कोकण लिहिलं, हे मी सांगितलं की गाडीत सगळे गप्प होतात. मला ती शांतता फार आवडते. एखादी मगर चिखलात पसरलेली दिसली की पोरंही खूश.

तुंबाडच्या आधी मी गाडी आपल्या तरीपाशी थांबवतो. जोतं दाखवतो. म्हणतो, "हा खोतांचा वाडा."

आठवतं ना, हे आपण कधी ठरवलं? १९८७ साल, आपण दहावीत, पुस्तक नवंकोरं वाचनालयात आलेलं. मी पहिला खंड घेतला, तू दुसरा, आणि बदलायचं ठरलं होतं. तू तो दुसरा खंड तीन महिने दाबून ठेवलास. मी शेवट वाचला तो थेट दिवाळीच्या सुट्टीत, आणि तोपर्यंत तू तो मला शाळेच्या रस्त्यावर तीनदा सांगून टाकला होतास. हे मी अजून विसरलेलो नाही. पण पहिला खंड मी वाचत असताना आपण दोघं त्या जोत्यावर बसायचो, पाय नदीकडे सोडून, आणि तू म्हणालास, "हाच असणार रे वाडा." मी म्हटलं, ओटी इथं. तू म्हणालास, माजघर तिकडे. कडेच्या जांभ्यात ते तीन गोल खळगे आहेत ना, ते आपण खांबांच्या बैठका ठरवले. त्या दिवसापासून तो वाडाच झाला. पुस्तकात असा काही पुरावा नव्हता, आपल्याला नकोही होता.

गेल्या महिन्यात पुण्याच्या दोन बहिणी आल्या. थोरल्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पिशवीत दोन्ही खंड, खाकी कागदाची कव्हरं, कडा मऊ झालेल्या. त्यांच्या सासूबाईंची दृष्टी गेली होती. या रोज दुपारी त्यांना वाचून दाखवायच्या, दोन्ही खंड, एक पान न गाळता. सासूबाई खेडकडच्या. मधेच थांबवून "हे आमच्याकडचं हो" म्हणायच्या. बाई मला हे सांगत होत्या आणि मी गाडी हळू हळू चालवत होतो.

जोत्यापाशी उतरल्यावर मी रंगात आलो. ओटी, माजघर, पडवी, खांब, सगळा वाडा हवेत उभा केला. बाई खाली बसल्या, जांभ्यावर हात ठेवला आणि रडायला लागल्या. आवाज नाही, नुसतं पाणी. मलाही भरून आलं. खरंच आलं, बाळ्या, मी काही नाटक करत नव्हतो.

आणि तेवढ्यात वरच्या पायवाटेने तुझी आई, माझी काकी, आली.

डोक्यावर गवताचा भारा. पंचाऐंशी वर्षांची बाई अजून भारा आणते, तू तिला काही तरी बोल. थांबली, भारा उतरवला, त्या बाईंकडे बघितलं. मला म्हणाली, "काय झालं गं बाय हिला?" मी सांगितलं, खोतांचा वाडा बघून भरून आलंय. काकी म्हणाली, "आरं बाला, ह्यो वाडा न्हाय. खोताचा वाडा वर, देवलाकडं व्हता. हितं आमचं भात मापून घेयाचे."

मग ती वाकली. त्या तीन खळग्यांपैकी मधल्या खळग्यात तिने मूठ ठेवली आणि फिरवली. "अधोली हितं ठेवायची. भरायची, उचलायची, परत हितंच. दगुड झिजला त्यो त्याच्यानं." शेजारच्या खळग्यात पायली, तिसऱ्यात शेर. ती आठ-नऊ वर्षांची असताना बापाबरोबर यायची, सांडलेले दाणे वेचायला. घेताना माप शीग लावून, म्हणजे वर ढीग चढवून, आणि बियाणं उसनं देताना शीग हाताने पुसून. मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचा नाही, ‘लाभ’ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. काकी म्हणाली, "लाभ त्येंचा, आन् भात आमचं."

मला एकदम तुझे आजोबा दिसले. अंगणात आंबे मोजायचे तेव्हा ‘लाभ’पासून सुरू करायचे आणि आपण दोघं मागे उभे राहून हसायचो. आठवतं?

आता जे झालं ते ऐक, कारण पत्र त्याच्यासाठी आहे. थोरल्या बाईंना काकीची बोली नीट कळली नाही. डोळे पुसत त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मी म्हटलं, "काही नाही, जुन्या आठवणी सांगतायत."

काकीला ते ऐकू आलं. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण लहानपणी तिच्या चुलीतले काजू चोरून खाल्ले आणि नाही म्हटलं तेव्हा बघायची तसं. मग भारा उचलून निघून गेली. मी धावत जाऊन भाऱ्याला हातही लावला नाही.

तेव्हापासून झोप नाही. तुझ्या घरावरून जायचं टाळतो, बंधाऱ्याकडून वळसा घालतो. कुत्र्यालाही कळलंय की मी घाबरतो.

मी मनाशी खूप वाद घातला. कादंबरीतला वाडा कुठेच नसतो, म्हणजे तो कुठेही असू शकतो. त्या बाईंना रडायला एक दगड हवा होता, तो मी दिला. यात खोटं काय? असं दोन दिवस स्वतःला पटवत होतो. पण दगड कादंबरीतला नाही ना. दगड झिजला आहे तो खऱ्या मापाने. तुझ्या घराण्याचं भात तिथून गेलं, आणि मी त्याच्यावर ओटी बांधली, तीही पैसे घेऊन.

आणि मग ते आपलं जुनं भांडण परत कानात वाजायला लागलं. कॉलेजचं पहिलं वर्ष, खेडची यष्टी, मागची सीट. मी त्या पुस्तकावर काही तरी भारावून बोलत होतो आणि तू एकदम म्हणालास, "तुझे आजोबा पूजा सांगायला जायचे, त्यांना ओटीवर पाट मिळायचा. माझे आजोबा अंगणात उभे. पुस्तक वाचताना तू ओटीवर बसतोस, म्हणून तुला एवढं आवडतं." मी तेव्हा चिडलो होतो. म्हणालो, पेंडशांनी खोतांना काही देव केलेलं नाही. तू म्हणालास, पेंडशांचं नाही, तुझं बोलतोय. मग भरणे नाक्यापर्यंत आपण बोललोच नाही. तूच मग सांगितलंस, खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा आणि तो कुळांकडून वसूल करणारा वतनदार. मग चरीच्या संपाचं सांगितलंस. अलिबागकडे १९३३ साली कुळांनी जमिनी कसायच्या सोडल्या आणि सहा वर्षं सोडल्याच. अर्धेल म्हणजे निम्मं पीक, तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा, वर वेठ वेगळी. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तुला हे सगळं तोंडपाठ होतं आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी खोतांवरचे दोन खंड वाचून बसलो होतो आणि खोती म्हणजे काय ते मला यष्टीत तुझ्याकडून कळलं. हे तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो.

काकीच्या आठवणीत कायदा झाल्यावरही माप चालूच होतं. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली तोवर ती सतरा वर्षांची होती. म्हणजे बाळ्या, ही काही इतिहासाची गोष्ट नाही, काकीच्या हाताची आहे. आणि आपण दोघं त्या जोत्यावर बसून खांब ठरवत होतो तेव्हा ती पन्नास पावलांवर धुणी धूत असायची. आपण तिला एकदाही विचारलं नाही. तूसुद्धा नाही हं. सगळं माझ्याच अंगावर ढकलू नकोस.

आता यातली अडचण अशी की गोष्ट माझ्या हातात राहिलेली नाही. माझं ऐकून बाकीचे गाडीवालेही तिथं थांबतात. वरच्या अंगाला एकाने मुक्कामाच्या खोल्या काढल्या आहेत, त्याने जोत्याला फ्लेक्स लावला: ‘खोतांचा ऐतिहासिक वाडा’. खाली बाण. पोरं तिथं उभं राहून व्हिडिओ काढतात. परवा त्याला म्हटलं, अरे, ते माझ्या डोक्यातलं होतं, काढ ते. तो म्हणाला, "सर, लोकांना आवडतंय, तुमचं काय जातंय?" माझ्या तोंडून उत्तर आलं नाही.

गेल्या रविवारी नाशिकचं जोडपं होतं. मी जोत्यापाशी गाडी थांबवली आणि खरं सांगितलं. खळगे दाखवले, अधोली, पायली, शेर, शीग, लाभ. कादंबरीतला वाडा आम्ही दोन पोरांनी इथं बसवला होता हेही सांगितलं. नवरा जरा हिरमुसला, म्हणाला, मग वाडा कुठाय? बायको मात्र खाली बसली, खळग्यात मूठ घातली आणि विचारलं, "एका मापाला किती दाणे सांडत असतील?" मला सांगता आलं नाही. ते काकीला माहीत असेल.

पुण्याच्या बाईंनाही पत्र लिहायला घेतलं. तीन वेळा फाडलं. त्यांनी जाताना रुमालात जांभ्याचा एक तुकडा बांधून नेला आहे. सासूबाईंच्या फोटोपाशी ठेवणार होत्या. त्यांना काय लिहू ते तू सांग. खरंच सांग, तुझं ऐकेन.

हां, तुझं. चिंगीला पुण्याला प्रवेश मिळाला हे आईकडून कळलं, अभिनंदन, पेढे कुठायत? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? बदलीचं काय झालं, की अजून डोंबिवलीच? नवीन फ्लॅटचं पाणी येतं का? सगळं नीट लिही, मी वाचतो, उत्तर देत नाही एवढंच.

उद्या सकाळी मी काकीकडे जाणार आहे. सरळ रस्त्याने. काय बोलणार ते ठरलेलं नाही, आधी भारा उतरवून घेईन आणि बसेन. ती चहा देईल आणि काही बोलणार नाही, तुला माहीत आहे तिचं.

शिमग्याला येशीलच. येताना एक काम कर. आजोबांची ती लाकडी अधोली, घरी आल्यावर ते स्वतःचं भात परत मोजून बघायचे ती, तुझ्या शोकेसमध्ये आहे ना? वहिनी तिच्यात पेनं ठेवतात, मी बघितलंय. ती घेऊन ये. पालखी आपल्या वाडीत येण्याआधी संध्याकाळी जोत्यावर जाऊ, काकीलाही नेऊ. मधल्या खळग्यात बसते का बघू.

तुझा,
विनू

ता. क. दुसऱ्या खंडावर वाचनालयाचा शिक्का आहे, आणि तो अजून तुझ्याकडेच आहे. तोही आण.