हवेच्या आधी वही भिजली

प्रिय दिन्या,

आठ महिन्यांत एक ओळ नाही. शिव्या जपून ठेव, भेटल्यावर घाल. तब्येत बरी आहे, गुडघा सोडून. आज लिहितोय तेही प्रेमाने नव्हे, अडचणीत आलोय म्हणून.

बोटीवर आहे. तीन दिवस तेच बुटके क्युम्युलस ढग, दोन किलोमीटरवर झाकण घातल्यासारखे. एखाद्याने डोकं वर काढलंच तर बाजूची कोरडी हवा आत घुसायची, थेंब वाळायचे, वाळताना ढगच गार पडायचा आणि उचल संपायची. काल दुपारी काही जण पाच किलोमीटरपर्यंत चढले आणि शून्य अंशाच्या थराशी अडले. मी खूश. सोबतच्या पोरांना ऐटीत म्हणालो, हे काँजेस्टस, म्हणजे मधल्या उंचीचे ढग, आता विरून विरून मधली हवा भिजवणार, मग उद्या त्या ओलीतून मोठा वर जाणार. तुला पाठ आहे हे सगळं.

तीन तासांत त्यातलाच एक सुटला. चौदा किलोमीटरवर त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला आणि माझी वही भिजली.

रात्री हिशेब मांडला. एवढ्याशा ढगांना एवढी ओल वर टाकायला दहा तासही पुरले नसते. संध्याकाळी सोडलेल्या हवामान-बलूनच्या आकड्यांत मात्र मधला थर ओलाचिंब. मग ओल आणली कुणी? जिन्यात उभा राहून तू ओरडत होतास तेच: खाली वारे गोळा होतात, हवेचा अख्खा स्तंभ सावकाश उचलला जातो, ओल त्याच्याबरोबर चढते; काँजेस्टस हे लक्षण, कारण नव्हे. त्याच बाजूचा, होहेनेगर आणि स्टीव्हन्स या संशोधकांचा २०१३चा लेख तू माझ्या टेबलावर आपटलास. मी त्यावर कप ठेवला. डाग अजून आहे.

पण उड्या मारू नकोस, मी शरण आलेलो नाही. तो बलून पाऊस पडून गेल्यावरचा. मोठा ढग येऊन गेल्यावर हवा ओली असणारच! स्तंभातली आर्द्रता एका टप्प्यापलीकडे गेली की पाऊस झपाट्याने वाढतो, हे ब्रेदरटन आणि मंडळींनी २००४ मध्ये उपग्रहाच्या आकड्यांवरून दाखवलं. पण आधी ओल की आधी पाऊस, ते त्यांच्या आलेखावरून कळत नाही. एका बोटीवरून तर नाहीच. शिवाय पाऊस लागताच डेकवर दोन अंशांनी गारठलं, आणि पसरणाऱ्या त्या गार हवेच्या कडेला नवे मनोरे उठले. याला तू ‘किरकोळ’ म्हणाला होतास. विसरलो नाही.

पंधरा वर्षं फळ्यावर बाण काढत आलो: छोटा ढग, ओल, मोठा ढग. पोरांनी तसाच उतरवून घेतला, काहींनी पुढे शिकवलाही. पहिलाच बाण खोटा असेल तर त्यांना काय सांगू? यावर हसलास तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझी बदली झाली ना? घर मिळालं? काकूंना नमस्कार.

पहाटेचा बलून मी सोडणार आहे. आकडे तसेच्या तसे पाठवतो, माझं मत न लिहिता. तू काय ते काढ. आणि या वेळी जिन्यात नको, बसून बोलू.

तुझा,
बाळ्या