नाताळचे झाड जुने झालेले नसते, नीट उघडलेले नसते

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून नाताळच्या झाडाच्या सजावटीवर भरभरून लिहिले जाते. यंदा गोळे सोनेरी असावेत की लाल, हे छायाचित्रांसह सांगितले जाते. मात्र माळ्यावरून काढलेले कृत्रिम झाड उभे कसे करावे, यावर चार ओळीही सहसा येत नाहीत. त्यामुळे झाड विरळ आणि दबलेले दिसले की ते जुने झाले असे समजून अनेक जण नवे आणतात.

वास्तविक आजची बहुतेक झाडे पीव्हीसी या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या तारांच्या पिळात अडकवून केलेली असतात. तार वाकवावी तशी राहत असल्याने खोक्यात चपटे झालेले झाड पुन्हा भरगच्च करता येते. फक्त प्रत्येक डहाळी हाताने उघडावी लागते. बुंध्यालगतच्या डहाळ्यांपासून सुरुवात करून टोकाकडे यावे, काही वर, काही दोन्ही बाजूंना वळवाव्यात, आणि खालचा भाग पूर्ण झाल्यावरच त्यावर वरचा भाग बसवावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि प्रत्यक्ष सजावटीपेक्षा त्याला अधिक वेळ लागतो, हे मान्यच करायला हवे. पण झाडाचे निम्मे रूप त्यातच असते.

दिव्यांच्या माळा इतर सजावटीच्या आधी चढवाव्यात, आणि त्याही आधी जमिनीवर पसरून लावून पाहाव्यात. भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तशी माळ बाहेरून गोल गुंडाळली, तर झाड सपाट दिसते. त्याऐवजी ती बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत नेऊन परत आत आणली की उजेडाला खोली येते. 1882 मध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी झाडावर विजेचे दिवे लावले, त्याआधी तेथे जळत्या मेणबत्त्या असत. त्या मानाने आजच्या एलईडी माळा फार सुरक्षित आहेत, कारण त्या फारशा तापत नाहीत आणि वीजही कमी घेतात. तरीही एकाला एक किती माळा जोडाव्यात याची खोक्यावर छापलेली मर्यादा पाळावी आणि झोपताना दिवे बंद करावेत. (1960 च्या सुमारास अमेरिकेत गाजलेल्या ॲल्युमिनियमच्या झाडांवर तर विजेचा धक्का बसण्याच्या भीतीने माळा लावतच नसत, रंगीत चकती फिरणाऱ्या दिव्याचा झोत खालून सोडत.)

गोळे टांगताना मोठे आणि जड गोळे आत, फांदीच्या जाड भागावर, तर लहान गोळे टोकांकडे ठेवावेत, म्हणजे टोके वाकत नाहीत. काचेचे चकचकीत गोळे आतल्या दिव्याजवळ टांगले तर थोड्याच दिव्यांत झाड उजळते. घरात लहान मूल किंवा मांजर असल्यास काचेचे सारे वरच्या फांद्यांवर न्यावे, हे वेगळे सांगायला नको.

एवढा आग्रह धरण्याचे कारण केवळ शोभेचे नाही. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडाचा कर्बभार, म्हणजे त्याच्यापायी हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, सुमारे 40 किलो असतो आणि खऱ्या झाडापेक्षा तो कमी ठरावा यासाठी कृत्रिम झाड किमान 10 नाताळ वापरावे लागते. शिवाय तार आणि प्लास्टिक एकमेकांत पिळलेले असल्याने त्याचा पुनर्वापरही सहजी होत नाही. म्हणून आहे तेच झाड वर्षानुवर्षे वापरावे. याला एक अपवाद मात्र आहे. पूर्वी पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी विषारी शिसे वापरले जाई. त्यामुळे ज्या जुन्या झाडाच्या पात्यांचा हात लावताच भुगा होतो, ते मुलांच्या घरात ठेवू नये.

माझ्या मते झाड खराब होते ते सजावटीत नव्हे, तर ती उतरवताना. घाईघाईत फांद्या उलट दिशेने दुमडल्या जातात, माळा फांद्यांतच राहतात आणि झाड उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर जाते, जिथे पीव्हीसी ठिसूळ होते. आधी गोळे, मग माळा काढून, त्या पुठ्ठ्यावर गुंडाळून, फांद्या वरच्या दिशेने मिटवून कापडी पट्टीने बांधाव्यात, एवढेच करायचे असते. म्हणून विनंती अशी की, डिसेंबरमधील सजावटीच्या पानांइतकी नाही तरी निदान अर्ध्या पानाची जागा आपण 6 जानेवारीच्या आसपास, म्हणजे नाताळचा काळ संपतो तेव्हा, या उतरवणीच्या कामालाही द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक