किल्ली देण्याआधी

चि. नचिकेत,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच मध्येच ठेवला. चुकलं माझं. पण घर भाड्याने द्यायचा विषय निघाला तेव्हा "मित्राचा मित्र आहे, कागद कशाला" असं तू म्हणालास आणि रात्रभर डोळा लागला नाही. कोथरूडचं घर आजीने तुझ्या नावावर केलंय, निर्णय तुझाच. फक्त करार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नकोस.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? महाराष्ट्रात ते चालत नाही. भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55 वाच. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, कितीही महिन्यांचं असो, लेखी हवं, नोंदवलेलं हवं, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे तुझी. नाही नोंदवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला त्याहून धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं असल्याचं तुला सिद्ध करावं लागतं. उद्या तो म्हणाला, भाडं बाराच हजार ठरलं होतं, तर काय दाखवशील? नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च तरी किती? भाडं 20,000, डिपॉझिट 60,000, मुदत 11 महिने धर. भाड्याचे झाले 2,20,000. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी व्याज धरतात, त्याचे 5,500. या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे पावणेसहाशेच्या आत. पुण्यात नोंदणी फी 1,000. दोघांची आधार कार्डं, दोन साक्षीदार, अंगठा, फोटो. एजंट मशीन घेऊन घरी येतात. एवढ्यासाठी आजीचं घर टांगणीला लावायचं?

बघ, पुन्हा तासच घेतला तुझा. रागावू नकोस.

मुदत संपूनही तो हलला नाही तर तू भांडायला जाशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. कुलूप बदलायचं नाही. भाडेकरूचं पाणी-वीज तोडायला त्याच कायद्याच्या कलम 29 ची बंदी आहे. कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. मुदतीनंतरच्या दिवसांची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने मिळते. पण तिथेही आधी करारच मागतील.

तो मुलगा चांगलाही असेल. मग त्यालाही पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद लागेल. बंगळुरूत तुझं डिपॉझिट बुडालं, तसं तू कुणाचं बुडवणार नाहीस, याची मला खात्री आहे आणि अभिमानही. म्हणूनच रंगाचे पैसे कुणी द्यायचे, नोटीस किती दिवसांची, हे आधीच लिहून टाक. डिपॉझिट परत करताना भांडणं रंगावरूनच होतात. पंखे, गीझर, नळ यांची यादी फोटोंसकट जोड.

पाचवीत असताना तू जिन्याखाली स्टुलावर चढून विजेच्या मीटरचे आकडे मोठ्याने वाचायचास आणि आजी वहीत टिपून घ्यायची. 7 आणि 1 मध्ये तुझा घोळ व्हायचा. ती वही कपाटात वरच्या खणात आहे, घर रिकामं करताना टाकू नकोस. किल्ली देशील त्या दिवशीचा आकडाही तिच्यातच लिही आणि खाली त्याची सही घे.

सूची क्रमांक 2, म्हणजे करार नोंदवल्याचा उतारा, हातात आली की मला फोटो पाठव. किल्ली त्यानंतर.

तुझी
आई

ता.क. भाडेकरूची माहिती पोलिसांना आणि सोसायटीला द्यायची राहू देऊ नकोस. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते; ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त मागितलं तर भरू नकोस, आधी मला फोन कर.